आवाज घराबाहेर जाऊ नये

पोस्टातल्या बाई सोसायटीच्या सेक्रेटरी झाल्या, तेव्हा त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे जिन्याखाली एक तक्रारपेटी बसवली. टपाल कचेरीच्या काउंटरवर तीस वर्षं काढलेल्या बाईंना तोंडी तक्रार ही तक्रारच वाटायची नाही. "जे सांगायचं ते लिहून टाका, तीन दिवसांत उत्तर मिळेल," असं त्या सगळ्यांना सांगायच्या, आणि खरोखर तिसऱ्या दिवशी उत्तर मिळायचं. अठ्ठेचाळीस घरांची बिल्डिंग, तक्रारींना काय तोटा! वरच्यांच्या कुंड्यांचं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं, अमक्याची गाडी तमक्याच्या जागेत लागते, लिफ्टमधल्या आरशावर कोणीतरी रोज मिशा काढून ठेवतं. "तू रिटायर झालीस, तुझं टपाल नाही झालं," असं त्यांचे मिस्टर म्हणायचे. मिस्टरांचे कान कापड गिरणीतल्या मागांनी खाल्ले होते. कानातलं यंत्र काढून ठेवलं की शेजारी भिंत पडली तरी त्यांना पत्ता लागायचा नाही, आणि ते यंत्र ते बहुतेक वेळा काढूनच ठेवायचे.

त्या मंगळवारी सकाळी पेटीत एकच पत्र होतं. दोनशे चारमधल्या प्रूफरीडरांचं. हे गृहस्थ एकटे राहायचे. छापखान्यातून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण हातातली लाल पेन्सिल काही सुटली नव्हती. सोसायटीची नोटीस फळ्यावर लागली की तासाभरात तिच्यातले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त झालेले असायचे. त्यांनी लिहिलं होतं, "माझ्या डोक्यावरील तीनशे चार क्रमांकाच्या घरात रोज दुपारी चार वाजता आदळआपट होते. ते घर सात महिने कुलूपबंद आहे याची मला कल्पना आहे. तरीही होते. कृपया येऊन ऐकावे."

तीनशे चार हे जिमवाल्याचं घर. माणूस दिसायला देखणा, बोलायला गोड, येता-जाता म्हाताऱ्यांच्या पिशव्या वरपर्यंत नेऊन देणारा. बायको घरीच शिलाईचं काम करायची. कुणाची चेन तुटली, कुणाची पँट आखूड करायची, सगळी बिल्डिंग तिच्याकडे जायची. हातात सफाई होती, बोलणं मात्र जेमतेम. आठ महिन्यांपूर्वी ती बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि गेली. जिमवाला महिन्याभरातच दुसरीकडे राहायला गेला. किल्ली वॉचमनकडे ठेवून गेला, गिऱ्हाईक आलं तर घर दाखवायला.

चारला दहा कमी असताना बाई प्रूफरीडरांकडे जाऊन बसल्या. बाहेर लख्ख ऊन होतं. खाली पोरं सायकली फिरवत होती. प्रूफरीडरांनी चहा पुढे केला, आणि बाईंनी कप तोंडाला लावला तोच वरून पहिला धप्प असा आवाज आला.

छतातून धुळीची बारीक रेघ खाली उतरली. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा धप्प. भरलेलं पोतं भिंतीवर आपटावं तसा. त्यानंतर काहीतरी ओढत नेल्याचा आवाज, हॉलकडून स्वयंपाकघराकडे. आणि तिथे परत धप्प... धप्प... धप्प. घाई नाही, त्रागा नाही. एखादा माणूस रोजचं काम उरकत असावा तसा.

"पूर्वीही हेच असायचं," प्रूफरीडर हळू आवाजात म्हणाले. "फक्त तेव्हा बाईमाणसाचं ओरडणंही असायचं. मी सात पत्रं लिहिली होती तुम्हाला."

"आठवतंय मला."

"मग तुम्ही त्यांना नोटीस दिलीत. त्यानंतर ओरडणं बंद झालं." त्यांनी लाल पेन्सिल बोटांत फिरवली. "मी आभाराचं पत्र टाकलं होतं पेटीत."

बाईंच्या हातातला चहा निवला. त्यांनी कप तसाच ठेवला आणि वॉचमनला किल्ली घेऊन वर बोलावलं.

तीनशे चारचं दार उघडलं तेव्हा आत सगळं शांत होतं. फरशीवर धुळीचा सारखा थर होता, त्यावर पावलाची एकही खूण नव्हती. खिडक्या आतून लावलेल्या. कोपऱ्यात शिलाईचं मशीन, त्यावर चादर घातलेली. पण वास ताजा होता, गरम इस्त्री ओल्या कापडावर फिरवली की येतो तसा. त्या वासात आणखी काहीतरी मिसळलेलं होतं. दात पडला की तोंडाला येणारी चव असते ना, तसलं काहीतरी.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर, ओट्याच्या वर, टाचणीने एक कागद टोचलेला होता. सोसायटीचा कागद. खाली बाईंची ठसठशीत सही.

"आपल्या घरातील आरडाओरड्याबद्दल शेजाऱ्यांच्या वारंवार तक्रारी येत आहेत. घरगुती बाबींत सोसायटी लक्ष घालू इच्छित नाही. मात्र यापुढे आवाज घराबाहेर जाऊ नये, याची आपण संपूर्ण खबरदारी घ्यावी."

शेवटच्या वाक्याखाली कुणीतरी दोनदा रेघ मारली होती.

"मॅडम..." वॉचमन उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हता. "एक सांगू? त्या दिवशी ताईंना खाली न्यायला साहेबांनी मला हाक मारली होती. मी आलो तेव्हा ताई इथंच पडल्या होत्या. बाथरूममध्ये नव्हत्या. आणि त्यांच्या तोंडात कापड होतं. चिंध्या... शिवणातल्या. गच्च. साहेबांनी माझ्यासमोर ओढून काढल्या आणि खिशात घातल्या." त्याने टोपी काढून हातात घेतली. "तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, मॅडम. आजपर्यंत ती म्हणच वाटायची मला."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"कुणाजवळ बोलायचं? तुम्हीच सांगितलं होतंत, लोकांच्या घरातल्या भानगडी गेटवर आणायच्या नाहीत."

बाईंनी टाचणी काढून तो कागद घडी करून घेतला आणि त्या खाली आल्या. रात्री जेवताना त्यांनी मिस्टरांना सगळं सांगितलं. मिस्टर मान हलवत राहिले. यंत्र टेबलावरच होतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता बाई पुन्हा दोनशे चारच्या दाराशी गेल्या. प्रूफरीडरांना बरोबर घेऊन पोलीस चौकीवर जायचं आणि जे ऐकलं-पाहिलं ते लिहून द्यायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. त्यांनी बेल दाबली. आत बेल वाजलेली ऐकू आली नाही. पुन्हा दाबली. दाराला कान लावला. पंख्याची घरघर नाही, नळाची टपटप नाही, काही म्हणता काही नाही. म्हातारा माणूस, डोळा लागला असेल, असं म्हणून त्या दहा मिनिटं थांबल्या आणि परत गेल्या.

संध्याकाळी प्रूफरीडरांची मुलगी भेटायला आली. तिच्या किंकाळीने सगळा मजला गोळा झाला. तिने किल्लीने कुलूप उघडून दार लोटलं तर ते अर्धंच उघडलं, कारण वडील दाराला चिकटून पडले होते. जबडा एका बाजूला सरकलेला, एक डोळा मिटून जांभळ्या गोळ्यासारखा झालेला, तीन फासळ्या मोडलेल्या. दाराला आतून कडी लावलेली नव्हती, पण कुणी आलं-गेल्याचीही खूण नव्हती. दाराच्या आतल्या बाजूला, माणसाच्या कमरेच्या उंचीवर, रक्ताळलेल्या मुठींचे ठसे होते. पंधरा-वीस तरी.

हॉस्पिटलमध्ये त्यांचा जबडा तारांनी बांधलेला होता. बाई भेटायला गेल्या तेव्हा त्यांनी खुणेने वही मागितली. अक्षर वाकडंतिकडं होतं, पण एकही चूक नव्हती. त्यांनी लिहिलं, "तुम्ही बेल वाजवलीत. मी दारामागेच होतो. दोन्ही हातांनी दार बडवत होतो. ओरडत होतो."

"मला काहीच ऐकू आलं नाही हो," बाई म्हणाल्या.

प्रूफरीडरांनी खाली आणखी एक ओळ लिहिली. "मला तिचं ऐकू येत होतं." आणि वही मिटून तोंड भिंतीकडे केलं.

पुढच्या सोमवारी सकाळी अकरा वाजता जिमवाला सोसायटीच्या ऑफिसात आला. हातात पेढ्यांचा नाही, पण चॉकलेटचा डबा होता. घराला गिऱ्हाईक मिळालं होतं, सोसायटीचा ना हरकत दाखला हवा होता. बाईंनी त्याच्या मनगटाकडे पाहिलं. जाडजूड मनगट, बोटांच्या पेरांवर जुने पांढरे वण.

"दाखला देण्याआधी घर पाहावं लागतं," बाई म्हणाल्या. नियम तसा होता. पण खरं सांगायचं तर त्यांना त्याला त्या ओट्यासमोर उभं करून विचारायचं होतं. वॉचमनला त्यांनी सांगितलं, "मी अर्ध्या तासात खाली आले नाही तर वर या." पोलिसांत आधी न जाता एकटीने वर जाणं हा शहाणपणा नव्हता, हे त्यांना पुढे पुष्कळांनी ऐकवलं. त्यांना स्वतःलाही ते कळत होतं. पण आठ महिन्यांपूर्वी जिथे जायला हवं होतं तिथे आता तरी गेलंच पाहिजे, असं त्यांना वाटत होतं.

जिमवाला आत शिरला, खिडकी उघडली, हॉलभर फिरला. "थोडी धूळ झालीय, बाकी घर तक्रार करण्यासारखं नाही," म्हणून हसला. बाई स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहिल्या.

"तुमची बायको इथं पडली होती," त्या म्हणाल्या. "बाथरूममध्ये नाही. आणि तिच्या तोंडात चिंध्या होत्या."

तो हसायचा थांबला नाही. त्याने जाऊन बाहेरचं दार लावलं, कडी घातली, आणि परत आला.

"मॅडम, तुमचंच पत्र होतं ना? मी तर सोसायटीचा नियम पाळला." तो अगदी जवळ आला. "तिला वाचून दाखवलं होतं मी. म्हटलं, बघ, लोकांना त्रास होतो. मॅडमनी लिहून दिलंय."

बाई मागे सरकल्या तसं त्याने त्यांचा डावा हात धरला आणि ओलं फडकं पिळावं तसा पिरगळला. बाईंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्या ओरडल्या.

ओरडणं तोंडातून निघालंच नाही.

सायकलींची घंटी, रस्त्यावरची गाडी, खिडकीची खडखडणारी काच, सगळं एकदम बंद झालं, जणू कुणी घरावर जाड गोधडी टाकली. जिमवाल्यालाही ते जाणवलं. त्याने हात सोडला, स्वतःच्या कानावर टिचकी मारली. त्याचे ओठ हलले. आणि मग त्याचं डोकं कुणी मागून तडाखा दिल्यासारखं फिरलं आणि ओट्याच्या कडेवर आपटलं.

बाईंनी ते पाहिलं, पण ऐकलं नाही. त्याचा ओठ मधोमध फाटला. एक दात फरशीवरून घसरत त्यांच्या चपलेपर्यंत आला, आवाज न करता. तो उठला, हवेत ठोसे मारू लागला, जोरात, सरावाने, तोंडातून फेस येईपर्यंत. त्याच्या मुठी कशालाच लागत नव्हत्या. त्याला मात्र सगळं लागत होतं. पोटात बसलं तसा तो दुमडला. पाठीत बसलं तसा आडवा झाला. डाव्या हाताचं कोपर उलट्या बाजूला वळलं, आणि त्वचेखाली हाड कसं सरकतं ते बाईंना दिसलं. मग काहीतरी त्याला पायाने धरून हॉलभर ओढत घेऊन गेलं, धुळीत रुंद पट्टा उमटला, आणि परत ओढत ओट्याखाली आणलं. तिथे पुन्हा सुरू झालं. घाई नाही, त्रागा नाही.

बाई दाराकडे धावल्या. कडी हलेना. त्यांनी उजव्या हाताने दार बडवलं, चप्पल काढून बडवलं, डोकं आपटलं. दाराच्या भिंगातून त्यांना समोरच्या घरातली सून बाहेर येताना दिसली. तिने कचऱ्याची पिशवी खाली ठेवली, मोबाइल कानाला लावून कुणाशी तरी हसून बोलली, कुलूप ओढून पाहिलं आणि जिना उतरून गेली. तिच्यात आणि बाईंच्यात सात-आठ पावलांचं अंतर होतं.

मागे वळल्या तेव्हा जिमवाला त्यांच्याच दिशेने सरपटत येत होता. चेहऱ्यावर चेहरा म्हणावा असं काही उरलं नव्हतं. त्याने हात पुढे केला. बाईंनी, का ते त्यांना कधीच सांगता आलं नाही, तो हात धरला. त्याचं तोंड उघडलं, आणखी उघडलं, गाल फुगले. आत काहीतरी कोंबलं जात होतं. दिसत काही नव्हतं, पण घसा आतून भरत चाललेला दिसत होता. डोळे बाहेर आले. बोटं दोन-तीनदा आवळली गेली आणि सुटली.

मग सायकलची घंटी वाजली.

वॉचमनने दार ढकललं तेव्हा ते नुसतं लोटलेलं होतं.

पोलीस आले. तपासाला आलेल्या इन्स्पेक्टरबाई करड्या होत्या, पण ऐकून घेणाऱ्या होत्या. बाईंनी काहीही लपवलं नाही. नोटिशीचा कागद टेबलावर ठेवला, सही आपलीच म्हणून सांगितलं. वॉचमननेही चिंध्यांची हकीकत लिहून दिली. शिलाईवालीच्या मृत्यूचा तपास नव्याने उघडला गेला. साठी उलटलेल्या बाईंनी एका हाताने पैलवान माणसाला असं मारलं असेल, हे कुणालाच पटण्यासारखं नव्हतं. पण दुसरं काय लिहायचं, हेही कुणाला कळत नव्हतं.

चार दिवसांनी इन्स्पेक्टरबाई स्वतः घरी आल्या.

"शवविच्छेदन केलेल्या डॉक्टरांशी बोलून आले," त्या म्हणाल्या. "ते म्हणतात, या जखमा एका दिवसाच्या नाहीत. काही हाडं तीन वर्षांपूर्वी मोडून वेडीवाकडी जुळलेली आहेत. काही दोन वर्षांपूर्वीची. काही गेल्या वर्षीची. ते म्हणाले, या माणसाने वर्षानुवर्षं मार खाल्लाय, आणि कुणी त्याला दवाखान्यातसुद्धा नेलेलं नाही. त्या दिवशी सकाळी तो जिममध्ये वजनं उचलून आला होता, बाई. मी स्वतः चौकशी केलीय. डॉक्टरांनी मला विचारलं, एवढ्या मोठ्या बिल्डिंगमध्ये कुणालाच कधी काही ऐकू आलं नाही का?"

बाईंनी त्याच आठवड्यात सेक्रेटरीपद सोडलं. सभेत उभं राहून ती नोटीस मोठ्याने वाचून दाखवली. कुणी मान वर केली नाही. प्रूफरीडर मुलीकडे राहायला गेले ते परत आले नाहीत.

मनगटाची सूज उतरेना, म्हणून मिस्टर त्यांना हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. एक्स-रे काढला. तरुण डॉक्टरीणबाई फिल्म उजेडावर धरून बघत राहिल्या.

"मनगट मुरगळलंय फक्त. पण काकू, हे वरचं हाड कधी मोडलं होतं?"

"माझं कुठलंच हाड कधी मोडलं नाही."

डॉक्टरांनी त्यांना परत आत पाठवलं आणि छातीची फिल्म काढायला सांगितली. दहा मिनिटांनी खात्रीसाठी आणखी एक काढायला लावली. मग बाहेरच्या बाकावर बसलेल्या मिस्टरांकडे एक नजर टाकून त्यांनी दार लावून घेतलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"काकू, घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"मी आणि मिस्टर."

"ते बाहेर आहेत. त्यांना इथलं काही ऐकू जाणार नाही. तुम्ही मला खरं सांगू शकता." त्यांनी छातीच्या दोन्ही फिल्म शेजारीशेजारी लावल्या. "इथे दोन फासळ्या जुन्या मोडलेल्या आहेत. ही तिसरी महिन्याभरापूर्वीची. अशा बायका मी रोज बघते, काकू. लपवू नका."

बाई फिल्मकडे पाहत होत्या. त्यांना कुठेही दुखत नव्हतं. श्वास नेहमीसारखा चालू होता.

डॉक्टर आणखी काही बोलायला गेल्या आणि मध्येच थांबल्या. त्यांनी पहिल्या फिल्मवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या फिल्मवर, मग पुन्हा पहिल्या.

"ही चौथी..." त्या अगदी हळू म्हणाल्या. "ही पहिल्या फिल्ममध्ये नाहीये."